दुधावाचून चॉकलेट

१. तीन शंका

दूध नाही, लोणी नाही, अंडे नाही. मग चॉकलेटचा गोड पदार्थ घट्ट कशाने होणार, त्याला स्निग्धता कोठून येणार, आणि हे सारे जमले तरी तो प्रकृतीला हितकर कशावरून म्हणावयाचा, असा प्रश्न कोल्हापुरात कोणी विचारला तर त्याचे नवल मानण्याचे कारण नाही. ज्या शहरात गंगावेशीच्या दूध कट्ट्यावर म्हशीची धार गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत काढून तो फेसाळ पेला उभ्याउभ्याच रिता करण्याचा प्रघात आहे, आणि १९६३ साली स्थापन झालेल्या जिल्हा दूध संघाचे ‘गोकुळ’ हे नाव जेथे लहानथोरांच्या तोंडी आहे, तेथे दुधावाचून मिष्टान्न करण्याची तजवीज प्रथमदर्शनी बेकायदाच वाटावयाची. तथापि ज्यांना दूध पचत नाही, ज्यांनी ते तत्त्व म्हणून सोडले आहे, किंवा ज्यांच्या घरी दुधाचे वावडे असलेले मूल आहे, अशा मंडळींची संख्या उपेक्षणीय नाही, आणि त्यांच्या शंकांना मुद्देसूद उत्तर मिळाले पाहिजे.

उत्तराचा अर्धा भाग आपल्या मुलखात पूर्वीपासून आहे. घाट उतरून सिंधुदुर्गात गेले की शिरवाळे मिळतात: तांदळाच्या ताज्या शेवया, आणि त्यांच्या जोडीला गूळ घातलेला नारळाचा रस. त्यात दुधाचा थेंब नसतो, आणि त्याची उणीव कोणा जेवणाऱ्याला भासल्याचे ऐकिवात नाही. खाली कर्नाटकात तांदूळ किंवा नाचणी, गूळ आणि नारळाचे दूध आटवून हालबाई नावाच्या वड्या थापतात. वरून तुपाचा हात फिरवितात तेवढेच. या घराण्यात कोकोला दत्तक घ्यावयाचे, एवढेच आपले काम.

एक गोष्ट मात्र आरंभीच बजावून ठेवतो. ‘वनस्पतिजन्य’ आणि ‘हितकर’ ही दोन भिन्न विधाने आहेत. साखर वनस्पतिजन्य आहे, वनस्पती तूप तर नावानेच वनस्पतिजन्य आहे. म्हणून ती पोटभर खावीत असे कोणी म्हणणार नाही. पदार्थ वनस्पतिजन्य आहे की नाही हे जिनसांच्या यादीवरून ठरते. तो हितकर आहे की नाही हे त्यांच्या प्रमाणावरून ठरते.

२. दूध चॉकलेटात आले कधी?

चॉकलेट म्हणजे दुधाचा पदार्थ ही समजूत फार अलीकडची आहे. मध्य अमेरिकेतील माया आणि आझ्टेक लोक कोकोच्या बिया भाजून, वाटून, पाण्यात घुसळून पीत. त्यात मिरची घालीत, मक्याचे पीठ घालीत, आणि साखर त्यांना ठाऊक नसल्यामुळे ते पेय बहुधा कडूच असे. युरोपात गेल्यावर त्यात साखर पडली आणि काही घरी दूधही पडू लागले. परंतु १८४७ साली इंग्लंडातील ब्रिस्टल येथे फ्राय यांच्या कारखान्याने खाण्याची चॉकलेटची वडी पाडली, तेव्हा तीत दूध नव्हते. दुधाची वडी स्वित्झर्लंडातील व्हेवे या गावी दानिएल पेटर या गृहस्थाने १८७५च्या सुमारास सिद्ध केली, आणि त्यासाठी त्याला आटवलेल्या दुधाचे तंत्र हाताशी असावे लागले. कोकोच्या कित्येक सहस्र वर्षांच्या इतिहासात दुधाची कारकीर्द अशी दीडशे वर्षांचीच आहे.

मेक्सिकोत आजही चंपुरादो नावाचे दाट पेय करतात. मक्याचे पीठ, चॉकलेट, दालचिनी आणि उसाच्या रसाचा न शुद्ध केलेला गूळ, ज्याला तेथे पिलोन्सियो म्हणतात, हे त्यातील जिन्नस. मक्याच्या जागी नाचणी आणि पिलोन्सियोच्या जागी कोल्हापुरी गूळ बसविला की मेक्सिकोचा पदार्थ पन्हाळ्याच्या पायथ्याशी येऊन उभा राहतो. कोकोही आता तितका परका राहिलेला नाही. केरळ, कर्नाटक, आंध्र आणि तामिळनाडूत नारळी-पोफळीच्या सावलीत त्याची लागवड होते, आणि १९७३ साली मंगळूरला स्थापन झालेल्या कॅम्पको या सहकारी संस्थेचा चॉकलेटचा कारखाना १९८६पासून पुत्तूरला चालू आहे.

३. कोकोची पूड निवडताना

कोकोच्या फळातील बिया गरासकट काही दिवस आंबवितात, उन्हात वाळवितात, भाजतात आणि दळतात. दळताना जो दाट रस निघतो त्यात निम्म्याहून अधिक स्निग्धांश असतो. १८२८ साली हॉलंडातील व्हान हाउटेन यांच्या दाबयंत्राने हा स्निग्धांश पिळून वेगळा करण्याची युक्ती साधली. जी पेंड उरली ती दळून झाली कोकोची पूड. वेगळ्या काढलेल्या कोको लोण्यात, नाव लोणी असले तरी, गाईम्हशीचा संबंध नाही. ते मनुष्याच्या अंगाच्या उष्णतेहून किंचित कमी तपमानाला वितळते, म्हणून चॉकलेटची वडी हातात टणक राहते आणि जिभेवर विरघळते.

बाजारात पूड दोन तऱ्हेची मिळते. एक नैसर्गिक: रंगाने फिकी तांबूस, चवीला किंचित आंबट. दुसरी अल्कलीने संस्कार केलेली: रंगाने गडद, चवीला सौम्य. दुसरीने पदार्थ देखणा होतो. परंतु ज्या फ्लॅव्हनॉल नामक द्रव्यांसाठी कोकोची आरोग्याच्या दृष्टीने वाखाणणी होते, ती या संस्कारात बरीच नाश पावतात. आरोग्य हा हेतू असेल तर नैसर्गिक पूड घ्यावी. गूळ तिचा आंबटपणा सहज झाकतो. ‘ड्रिंकिंग चॉकलेट’ या नावाने जे डबे मिळतात त्यांना मात्र हात लावू नये, कारण त्यांत कोकोपेक्षा साखरच अधिक असते आणि पुष्कळदा दुधाची भुकटीही असते.

वेष्टनावरील हिरव्या ठिपक्याने फसू नये. तो ठिपका पदार्थ शाकाहारी असल्याचा दाखला देतो, आणि आपल्या कायद्याने दूध शाकाहारात मोडते. दुधासकट कोणताही प्राणिजन्य घटक नसलेल्या पदार्थांसाठी २०२२ साली वेगळे नियम होऊन त्यांचे वेगळे चिन्हही ठरले आहे. ते नसेल तर बारीक अक्षरातील घटकांची यादी वाचण्यावाचून गत्यंतर नाही. काळ्या म्हणविणाऱ्या चॉकलेटातही दुधाचे घनपदार्थ निघतात.

४. अंड्याचे काम नाचणी करते

पाश्चात्त्य पद्धतीच्या पुडिंगमध्ये अंडे घट्टपणा आणते. तेच काम पिठातील स्टार्च, म्हणजे पिष्ट, करू शकते. पिष्टाचे कण थंड पाण्यात निमूट पडून राहतात. पाणी साधारण पासष्ट ते पंचाहत्तर अंशांपर्यंत तापले की साबुदाणा भिजून फुगावा तसे ते पाणी पिऊन फुगतात, एकमेकांना चिकटतात आणि सारे मिश्रण दाटते. पुढे ते निवले की त्यांची बांधणी आणखी आवळते. सकाळची आंबील दुपारी पातेल्यात घट्ट बसते ती याच कारणाने.

यातूनच गुठळ्यांचे रहस्य उलगडते. कोरडे पीठ उकळत्या पाण्यात पडले की गोळ्याची बाहेरची बाजू तत्काळ शिजून तिचे कवच होते, आणि आतील पिठाला पाणी पोचतच नाही. म्हणून पीठ आधी गार पाण्यात कालवून घ्यावयाचे. पिठले करणारीला हे सांगावे लागत नाही. पुस्तकात पाहून पुडिंग करणाराला सांगावे लागते.

नाचणीच का, मक्याचे पांढरे पीठ का नाही? कॉर्नफ्लोअरने पदार्थ अधिक तुळतुळीत होईल हे मान्य. पण ते निव्वळ पिष्ट आहे. गगनबावडा, राधानगरी, आजरा, चंदगड या पश्चिमेकडील पावसाळी तालुक्यांत डोंगरउतारावर पिकणारा नाचणा टरफलासकट दळला जातो, त्यामुळे त्यात तंतू असतात आणि शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास कॅल्शियम असते. कोल्हापुरातच शेंडा पार्क येथील कृषी संशोधन केंद्रात या धान्याच्या वाणांवर काम चालते. नाचणीला स्वतःची एक भाजकी, मातकट चव आहे. पांढऱ्या खिरीत ती पुढे येते, कोकोत ती विरून जाते, किंबहुना कोकोला तिने भारदस्तपणा येतो. काही घरी नाचणीचे सत्त्व वापरतात. ते मऊ खरे, पण ते गाळताना कोंडा जातो, आणि कॅल्शियमचा मोठा वाटा कोंड्याबरोबरच जातो. बारीक दळलेले पीठ वस्त्रगाळ न करता चाळणीने चाळून घ्यावे, म्हणजे दोन्ही पक्षांचे समाधान होते.

परदेशी पाकपुस्तकांत याच कामासाठी ॲव्होकाडो नावाचे फळ सुचविलेले असते. ते येथे मिळते, आणि ज्याच्या खिशाला परवडते त्याने ते अवश्य घ्यावे. पण दारची नाचणी सोडून त्याच्यामागे लागण्याचे कारण मला दिसत नाही.

५. सायीच्या जागी नारळ

खोवलेल्या नारळावर थोडे कोमट पाणी घालून, वाटून, फडक्यातून पिळले की पहिले दूध निघते. ते दाट असते, कारण त्यात नारळाच्या तेलाचे अतिसूक्ष्म थेंब पाण्यात तरंगत असतात आणि नारळातील प्रथिने त्यांना एकमेकांपासून अलग धरून ठेवतात. चोथ्यावर पुन्हा पाणी घालून पिळले की दुसरे, पातळ दूध. पहिले दूध खळखळा उकळले तर प्रथिने आकसतात, त्यांची पकड सुटते आणि वर तेलाचा तवंग येतो. त्यास्तव पीठ शिजवावयाचे ते दुसऱ्या दुधात, आणि पहिले घालावयाचे ते अगदी शेवटी, मंद आचेवर. शिजलेले पिष्टही या कामी साह्य करते: मिश्रण दाट असले की तेलाचे थेंब सहजासहजी एकत्र येऊ शकत नाहीत.

नारळाच्या तेलाचा आणखी एक गुण येथे उपयोगी पडतो. ते चोवीस-पंचवीस अंशांना गोठते. मार्गशीर्षातल्या सकाळी खोबरेल तेलाची बाटली चुलीजवळ नेऊन ठेवावी लागते हे सर्वांना ठाऊक आहे. पूड करताना कोकोचे बहुतेक लोणी निघून गेलेले असते, आणि त्याबरोबर जिभेवर विरघळण्याचे सुखही गेलेले असते. थंड जागी ठेवलेल्या पदार्थात नारळाचा स्निग्धांश गोठतो आणि तोंडात पुन्हा वितळतो, म्हणजे गेलेले सुख दुसऱ्या मार्गाने परत येते.

६. गूळ

आता कोल्हापूरच्या खास जिनसेकडे वळू. राजर्षी शाहू छत्रपतींनी राज्यकारभार हाती घेतल्यानंतर वर्षभरातच, १८९५ साली, शाहूपुरी ही व्यापारी पेठ वसविली, आणि गुळाच्या उलाढालीने ती नावारूपाला आणली. आज गुळाचे सौदे शाहू मार्केट यार्डात निघतात, दिवाळीच्या पाडव्याला मुहूर्ताचा सौदा होतो, आणि २०१४ साली कोल्हापुरी गुळाला भौगोलिक मानांकन मिळाले आहे. पंचगंगेच्या खोऱ्यातील गुऱ्हाळावर ज्याने काही घटका घालविल्या आहेत त्याला काहिलीभोवतीचा तो गोड, धुरकट दरवळ विसरता येत नाही. चुलवाणात चिपाडे ढकलली जात असतात. रसात चुना आणि रानभेंडीचा चिकट रस घालून वर आलेली मळी झाऱ्याने काढली जात असते. आणि गुळव्या मध्येच गार पाण्यात पाकाचा थेंब टाकून त्याची गोळी बोटांत वळते की नाही हे पाहत असतो. पाक एकशे पाच-सहा अंशांवर असताना काढून घेतला तर ती काकवी. एकशे अठरा अंशांच्या पुढेमागे उतरविला तर वाफ्यात घोटून त्याचे रवे पडतात.

बाजारात पिवळ्याधमक रव्याला भाव अधिक मिळतो, आणि तो पिवळेपणा आणण्यासाठी काही ठिकाणी गंधकयुक्त रसायने वापरतात. चॉकलेटच्या पदार्थाला या पिवळेपणाचा काडीइतका उपयोग नाही. उलट गडद तपकिरी, रसायनविरहित गूळ, ज्याची चव थोडी जळकट आणि खमंग असते, तोच कोकोशी उत्तम जमतो. काकवी मिळाली तर विरघळविण्याचा खटाटोपही वाचतो.

गुळाचा एक दुर्गुण मात्र प्रसिद्ध आहे: गुळाच्या खिरीत दूध फाटते. गूळ किंचित आम्ल असतो, त्यात क्षारही असतात, आणि गरम दुधातील केसीन या प्रथिनाला ती जोडी सोसत नाही. म्हणून खीर उतरवून, निववून मग गूळ घालण्याची रीत पडली. नारळाच्या दुधात केसीन नाही. त्यामुळे गूळ वाटेल तेव्हा घालावा, दूध फाटण्याची धास्ती नाही. दूध वगळल्याने जो एक निर्विवाद लाभ होतो तो हा, आणि तो मला बाकी सर्व लाभांपेक्षा मोलाचा वाटतो. कारण कोल्हापुरात गूळ आणि चॉकलेट यांची सोयरीक आजवर जुळली नाही ती बहुधा या फाटाफुटीमुळेच.

आणि आता गुळाच्या भक्तांना न रुचणारे एक वाक्य. गूळ हा बव्हंशी साखरच आहे. शंभर ग्रॅम गुळात ऐंशी-नव्वद ग्रॅम शर्करा असते आणि उष्मांक साखरेहून थोडेसेच कमी. त्यातील लोहाचा बोलबाला फार आहे. पण पदार्थात पडणाऱ्या चमचाभर गुळातून मिळणारे लोह नाममात्र, आणि कोको व नाचणी या दोहोंतील टॅनिनसारखी द्रव्ये त्याच्या शोषणात आडवी येतात. गूळ चवीसाठी वापरावा. औषध म्हणून नव्हे.

७. कृती

सहा वाट्यांसाठी साठ ग्रॅम नाचणीचे पीठ, पंचवीस ग्रॅम कोकोची पूड, पाऊणशे ग्रॅम किसलेला गूळ, साडेतीनशे मिलिलिटर दुसरे नारळदूध, दीडशे मिलिलिटर पहिले नारळदूध, चिमूटभर मीठ, आणि जायफळ किंवा दालचिनीची किंचित पूड घ्यावी.

नाचणीचे पीठ प्रथम कोरडेच मंद आचेवर खमंग भाजावे. कच्चेपणा जाण्याचा निम्मा मार्ग येथेच कटतो. भाजलेले पीठ पूर्ण निवू द्यावे, आणि मग दुसऱ्या दुधापैकी वाटीभर गार दुधात कालवून ठेवावे. कोकोच्या पुडीत स्निग्धांश असल्यामुळे ती पाण्यावर तरंगते आणि तिचे गोळे होतात. म्हणून तिच्यावर दोन-तीन चमचे कढत पाणी घालून चमच्याच्या पाठीने तुकतुकीत लेप होईपर्यंत घोटावी. कढत पाण्याने तिचा सुवासही मोकळा होतो. उरलेले दुसरे दूध जाड बुडाच्या पातेल्यात तापवून त्यात गूळ विरघळवावा आणि ते गाळून घ्यावे, कारण गुळात चिपाडाचे बारीक कण सापडतात. आता त्यात कोकोचा लेप आणि कालवलेले पीठ घालून मध्यम आचेवर सतत ढवळावे. प्रथम काही घडत नाहीसे वाटते. मग एकाएकी उलथण्याला ओढ लागते आणि पातेल्याच्या मध्यावर जड बुडबुडे फुटू लागतात. येथे थांबण्याचा मोह होतो, पण तो आवरावा: आच कमी करून आणखी पाचसात मिनिटे शिजविल्याखेरीज पिठाची चव जात नाही. मिश्रणाला चकाकी आली आणि ते पातेल्याच्या कडा सोडू लागले की पहिले दूध, मीठ आणि जायफळ घालून दोन मिनिटे मंद आचेवर ढवळावे, न उकळता उतरवावे, आणि वाट्यांत ओतावे. वर साय धरू नये म्हणून प्रत्येक वाटीवर ताटली झाकावी. तीन-चार तास थंड जागी ठेवल्यावर ते चमच्याने काढण्याइतपत बसते. खाताना वर भाजलेल्या शेंगदाण्याचे भरड कूट पेरावे. मऊ पदार्थाला दाताखाली काही लागते आणि प्रथिनांचीही थोडी भर पडते.

वड्या हव्या असतील तर पीठ नव्वद ग्रॅम घ्यावे आणि मिश्रण गोळा होईतो आटवून ताटात थापावे.

८. हिशेब

आता ‘हितकर’ या दाव्याची तपासणी. पाऊणशे ग्रॅम गुळाचे सहा भाग केले की वाटीमागे साडेबारा ग्रॅम गूळ, म्हणजे शर्करा सुमारे अकरा ग्रॅम. जागतिक आरोग्य संघटनेने २०१५ साली घातलेली मर्यादा अशी की, दिवसाच्या एकूण उष्मांकांपैकी वरून घातलेल्या शर्करेचा वाटा शेकडा दहाच्या आत, आणि जमल्यास पाचाच्या आत असावा. दोन हजार उष्मांकांच्या आहाराला हे अनुक्रमे पन्नास आणि पंचवीस ग्रॅम होतात. एक वाटी खाल्ली तर कडक मर्यादेचा निम्म्याला थोडा कमी भाग खर्ची पडतो. दिवसाचे दोन गोड चहा ज्याला सुटत नाहीत त्याने पुढचा हिशेब स्वतःच करावा.

स्निग्धांश वाटीमागे अदमासे आठ ग्रॅम, आणि नारळाचा असल्यामुळे बहुतेक सारा संपृक्त. हृदयविकाराचे पथ्य असलेल्यांनी पहिले दूध निम्मे करून त्या जागी दुसरे घ्यावे. एकूण उष्मांक पावणेदोनशे ते दोनशे. कॅल्शियमचा मामला मात्र निराशाजनक आहे: साठ ग्रॅम नाचणीतून सहा जणांत मिळून दोनशेच्या वर थोडे मिलिग्रॅम, म्हणजे वाटीला पस्तीस. कट्ट्यावरचा म्हशीच्या दुधाचा पेला याच्या कितीतरी पट देतो. नाचणीमुळे दुधाची भरपाई झाली असे ज्यांना वाटते त्यांनी हा आकडा ध्यानात ठेवावा. आणि दूध सर्वस्वी सोडलेल्यांनी हेही ध्यानात ठेवावे की ब-१२ जीवनसत्त्व या वाटीत मुळीच नाही, त्याची व्यवस्था वैद्यकीय सल्ल्याने निराळी करावी लागते. माझ्या मते हा पदार्थ बाजारच्या केकपेक्षा निःसंशय बरा, फळाच्या फोडीपेक्षा निःसंशय भारी. सणावारी आणि पाहुण्यारावळ्यांना योग्य, रोजच्या खाण्याला नव्हे.

नारळाचे दूध लवकर आंबते. शीतकपाटात ठेवले तरी दोन दिवसांच्या आत संपवावे. उन्हाळ्यात बाहेर ठेवूच नये. आणि घरात कुत्रे असेल तर त्याला पातेले चाटावयास देऊ नये: कोकोतील थिओब्रोमीन मनुष्याला सहज सोसते, कुत्र्याच्या शरीरातून ते फार सावकाश बाहेर पडते आणि त्याला विषवत ठरते.